भागिले त्रेचाळीस

गावाचं नाव आयडल. म्हणजे आळशी.
ब्रॅडफर्डच्या टेकडीवरचं हे गाव एकेकाळी मोटारी बनवायचं,
हे सांगताना सेल्विन इलिंगवर्थ स्वतःच हसतात
आणि कवळी सावरतात.

जॉवेट कंपनीची व्हॅन. तिचंही नाव ब्रॅडफर्डच.
तुम्ही ऐकलं नसणार, मीही नव्हतं.
दोनच सिलिंडर, आडवे,
एक या कुशीवर, एक त्या कुशीवर,
जुन्या जोडप्यासारखे निजलेले.
चढावर खोकायची, म्हणतात, पण थांबायची नाही.

ती मागच्या शेडमध्ये आहे, विटांवर उभी.
आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावरही आहे:
बारा फुटांची पंच्याऐंशी मिलिमीटर झालेली,
कथील वितळवून ओतलेली,
दाढीच्या ब्रशातल्या चार केसांनी रंगवलेली.
खेळणीवाल्यांनी हिला कधी विचारलं नाही,
ते जग्वारला विचारतात.
म्हणून हा उद्योग.

माझ्याकडे हिशेब.
मी शेजारीण, मूळची इचलकरंजीची,
मागांच्या खडखडाटात पाढे म्हटलेली, म्हणजे ओरडूनच.
तिसापर्यंत पाठ, पावकी-निमकीसकट.
त्रेचाळीसचा कुणी शिकवला नव्हता.
तो इथे शिकले, साठी उलटल्यावर, चहा निवत असताना.
त्रेचाळीस दुणे शहाऐंशी.
त्रेचाळीस त्रिक एकशे एकोणतीस.
शेडमधून सेल्विन आकडा ओरडतात, मी भाग देते.
आरसा. बिजागरी. नंबरप्लेट.

एके दिवशी ओरडले, पोचा.
डाव्या मडगार्डवरचा.
फूटपट्टी धरवेना त्यांना, मग मीच लावली.
बरोबर त्रेचाळीस मिलिमीटर.

एकसष्ट साली डोरीनने अंड्यांनी भरलेली ही गाडी
चॅपलच्या फाटकावर घातली होती.
तीस डझन. उतारावरून पिवळा ओहोळ.
आणि ती स्टिअरिंगवर कपाळ टेकून
हसत बसली, अर्धा तास,
पाद्री बादली घेऊन आला तरी.

भागाकार सोपा होता. एक.
सुईच्या टोकाने, श्वास धरून,
सेल्विननी तेवढा एक मिलिमीटर दाबला.

शिपलीच्या हॉलमधल्या प्रदर्शनात
भिंगवाले वाकून बघून गेले.
ओतकामात दोष आहे, निम्म्यात देता का?
सेल्विन बहिरे झाले. कामापुरते होतात तसे.

खरी व्हॅन मार्चमध्ये हॅरोगेटच्या एका दंतवैद्याने नेली.
पोकळी दिसली की भरायची, ही त्याची सवय.
जूनमध्ये फोटो पाठवला:
मडगार्ड नव्या ताटासारखं लखलखीत.
खाली लिहिलेलं, तुम्हाला आनंद होईल.
सेल्विननी फोटो बघितला. चष्मा पुसून पुन्हा बघितला.
मग केटल लावली, पाणी न घालता.

आठवड्याने विचारलं,
अंडं केवढं होईल?
सत्तावन्न भागिले त्रेचाळीस.
एक आणि वर थोडंसं, म्हटलं,
आणि घरी जाऊन मिसळणाचा डबा घेऊन आले.
मोहरी.

राईचा पर्वत करू नये, असं आमच्याकडे म्हणतात.
इथे पर्वत कधीचाच होऊन बसलेला,
आम्ही त्याची राई करत होतो.
चिमट्याने एकेक, सिगारेटच्या चांदीच्या ट्रेमध्ये,
ओळीत सहा, अशा पाच ओळी.
एकोणतिसावी बसली
आणि सेल्विनना शिंक आली.

फ्रीजखाली मोहरी, बुटात मोहरी,
डब्याचं झाकणही उघडंच राहिलेलं.
मी टॉर्च आणला. दोघंही गुडघ्यांवर,
मिळून एकशे शेहेचाळीस वर्षांचे,
डोळ्यांत तेल घालून शोधत होतो,
तोवर टेबलाखालून हसू ऐकू आलं,
आधी एकाचं.

अर्धा तास तरी गेला असेल.
बादली घेऊन कुणी आलं नाही.