सहा जणांची अजापसांदाली

फोन मिठाच्या बरणीला टेकवून ठेवलाय.
त्यात त्सियाला, आणि तिच्यामागे बारी शहरातल्या
परक्या स्वयंपाकघराच्या पांढऱ्याफेक फरश्या.
"वांगी आधी," ती म्हणते. "बटाट्यांची घाई करू नकोस."

रुस्तावीच्या पोलाद कारखान्यात
मी सत्तावीस वर्षं क्रेन चालवली.
वितळल्या लोखंडाचं घमेलं, घराएवढं,
असं अलगद उतरवायचो
की खाली उभ्या माणसाच्या सिगारेटची राख झडू नये.
आणि आज मला एक वांगं
धड उलटता येत नाही.
साल कढईला, गर झाऱ्याला,
मी मधल्या मध्ये.

"मीठ लावून ठेवली होतीस ना? कडू पाणी सुटलं?"
सुटलं. चाळणीखालच्या ताटलीत
तपकिरी थेंब आहेत, चमचाभर.
कडूपणा एवढासाच असतो होय?
मला वाटलं होतं, वाटीभर तरी निघेल.

अजापसांदाली. नाव तेवढं बोजड,
आहे वांगी-बटाट्यांचा दाट रस्सा,
त्यात टोमॅटो, ढोबळी मिरची, मूठमूठ कोथिंबीर,
ठेचलेला लसूण अगदी शेवटी,
आणि उत्स्खो, आमची निळी मेथी,
जिला वाळल्या गवताचा आणि अक्रोडाचा वास येतो.
"ती किती घालू?"
"अंदाजाने."
"अंदाज तू घेऊन गेलीस."
ती हसत नाही. फोन जरा जवळ धरते.

बाजारात गुलचिना वांगी तोलताना विचारते,
बायको कधी येणार?
इस्टरला, मी सांगतो.
कुठल्या इस्टरला, ते ती विचारत नाही.
भली बाई आहे. वर एक वांगं फुकट घालते,
आणि माझा हिशोब आणखी बिघडतो.

कारण मी त्सियालाला विचारलं होतं, एकट्याला किती?
ती बोटं मोजत राहिली.
तिच्या आईने शिकवली ती नऊ जणांची.
तिने उतरवत उतरवत सहावर आणली:
आम्ही दोघं, दोन मुलगे, माझी आई,
आणि दारात येईल तो एक.
त्याच्याखाली तिला येत नाही.
थोरला पोलंडमध्ये ट्रक चालवतो, धाकटा बातुमीला,
आई टेकडीवरच्या दफनभूमीत,
आणि दारात येणाऱ्याला आधी
लिफ्टच्या डब्यात नाणं टाकावं लागतं.
आठव्या मजल्यापर्यंत एवढी ओढ कोणाला?

मध्येच पडद्यावर एक म्हातारा कान येतो, मग डोळा.
सिन्योरा इम्माकोलाता, वय एक्क्याण्णव,
जिला त्सियाला न्हाऊ घालते, भरवते, निजवते.
ती काहीतरी ओरडते.
"काय म्हणते?"
"म्हणते, तुझा नवरा वांगी कापतो की लाकडं फोडतो?
आणि व्हिनेगर घाल म्हणते."
"घालू?"
"खबरदार."

मग बटाटे पडले, झाकण पडलं,
झाकण उघडलं तेव्हा वाफेने फोन आंधळा झाला.
मी बाहीने पुसला. ती तशीच बसलेली, गप्प.
मला वाटलं, नेटवर्क गेलं.

रविवारी खाल्ली. सोमवारी खाल्ली. मंगळवारी पावाबरोबर, उभ्याउभ्याच.
बुधवारी तिने विचारलं, संपली?
"संपली."
"खोटारड्या. दाखव."
मी फोन फ्रिजमध्ये धरला.
त्या पिवळ्या उजेडात
ती पातेल्याकडे बराच वेळ बघत होती.
"तेल वर आलंय. आता मुरली असेल.
गरम करू नकोस. तशीच खा, माझ्यासमोर."

मी चमचा घेतला.
मीठ जास्तच होतं, बोललो नाही.
तिकडे आतून सिन्योराची घंटा वाजली,
एकदा, मग लागोपाठ तीनदा.
"थांब," त्सियाला ओरडली, मागे न वळता.
इटालियनमध्ये नाही,
आपल्या जॉर्जियनमध्ये.
घंटा थांबली.
मी दुसरा चमचा भरला.