पांढरी फुलं

श्लाय खाडीच्या काठी, मे महिन्यात,
त्यार्क लोरेन्झनचं शेत पांढरं फुललं.
मोहरीची ही चुलतबहीण,
दरवर्षी पिवळी धम्मक,
यंदा जणू कुणी तिला दुधात बुचकळून काढलेली.
बियाणेवाल्याला त्यानं फोनवर चार शब्द सुनावले,
मग पानं ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून
कीलला, हाइंकेच्या टेबलावर नेऊन टाकली.

हाइंके गोठलेली पानं कुटते.
खलातून थंड वाफ सांडते, तिच्या बाह्यांवर.
कुटता कुटताच सांगते:
पेशीत दोन विकरं असतात, एकमेकांना धरून.
एकाचं शेपूट दुसऱ्याच्या तोंडात,
बरोबर तिथे, जिथे घास जायचा.
तोंड भरलेला तो मुका, बिनकामाचा.
पण त्याच्या आधारानंच पहिला उभा राहतो
आणि सिरीनला एक सुटी टोपी घालतो.
बाहेर मोकळे फिरतात मुक्याचेच भाऊबंद, पुष्कळ,
ते टोपी उतरवून तिथे गंधक बसवतात.
झालं सिस्टीन.

'आणि गंधकच नसेल तर?'

टोप्या घातलेल्यांची दाराशी गर्दी होते.
गर्दीच्या रेट्यानं शेपूट सुटतं,
दोघं वेगळे होतात.
भांडण नव्हे ते.
मुळांना धाडलेला निरोप:
घरात काही नाही, शोधा.

त्यार्कला अर्धं कळलं.
'बापाच्या वेळी असं कधी झालं नाही.'
'कसं होईल? तेव्हा गंधक धुराड्यांतून यायचं,
पावसात विरघळून, बिनबोभाट.
खत म्हणून कुणी मोजलंच नाही.
आता धूर गाळतात.'

परतीच्या वाटेवर त्यानं पोती घेतली. महाग होती.
खिडकीशी म्हातारा डेटलेफ, एक्क्याऐंशी वर्षांचा,
ज्याच्या खोकल्यानं या घराला
वीस हिवाळे नीट झोपू दिलं नव्हतं.
'फुलं का रे पांढरी?'
'हवा स्वच्छ झाली म्हणून.'
म्हाताऱ्यानं छाती भरून श्वास घेतला,
थांबला, वाट पाहिली.
खोकला आला नाही.
'मग पोती माझ्या खात्यावर मांड.'

जूनमध्ये, कडेच्या उशिरा फुटलेल्या फांद्यांवर
थोडी पिवळी आली.
सगळी नाही.