अर्धी

सीडीवरचं नाव घासून गेलेलं, म्हणून मुश्ताकभाईच्या दुकानात
तिला सगळे अर्धीच म्हणायचे.
आई माणूस. बाप रक्तावर जगणारा.
मंगळ बाजारामागे, पंक्चरवाल्याच्या वरच्या खोलीत,
तासाला दहा रुपये.
पडद्याच्या कोपऱ्यात लाल बाटली,
मार बसला की उतरायची,
भरायची तर कुणाच्या तरी मानेशी जावं लागे.
पोरं लगेच जायची.
मी तळ दिसेपर्यंत टाळायचे.

महिन्यातून एकदा आम्ही तळोद्याहून यायचो, सिव्हिलला.
दिलवरला पिशवी चढायला चार तास.
आई कॉटजवळ, पदर तोंडाशी. म्हणे, जा, हिंडून ये.
नंदुरबारात हिंडायचं कुठे?
गावाबाहेर मिरच्यांच्या पथाऱ्या, नजर जाईल तिथवर लाल,
शिंकत शिंकत मागे फिरायचं
आणि तो लोखंडी जिना चढायचा,
जिथे अर्धी उभी असायची
गेल्या महिन्यात सोडली होती त्याच दारात.
अंधारलं की मुश्ताकभाई प्लग काढायचा:
चाल वं आंडेर, आते घर जाय,
माय वाट देखी ऱ्हायनी.

मग आमचे सगळ्यांचे रिपोर्ट आले.
दिलवरच्या कागदावर एस एस.
माझ्या कागदावर ए एस.
डॉक्टर म्हणाले, तू नुसती वाहक, तुला काही होत नाही,
लग्नाच्या वेळी तेवढं बघून कर.
म्हणजे अर्धी?
ते हसले. तसंच समज.

माझं रक्त त्याला चालत नाही.
त्याला चाललं एका एसटी ड्रायव्हरचं,
तेलाच्या पेढीवरल्या शेठचं,
पोलीस भरतीला आलेल्या दोन पोरांचं,
आणि किती जणांचं, ज्यांचे नुसते नंबर.
घरी आला की दोन दिवस तरतरीत,
म्हणायचा, ताई, मी पुरा बापाकडचा. लसूण लपव.
आई चुलीपासून चप्पल फेकायची.

पुढे शहाद्याच्या रद्दीत अर्धी कागदावर सापडली,
नाक वेगळं, केस लाल, शेवटची चार पानं गायब.
मग टीव्हीवर, हिंदीत डब केलेली,
बर्फात उभी आणि आवाज मालिकेतल्या सासूचा.
तिथे तिला एक प्रियकर दिला होता.
तो म्हणाला, तू आमच्यातलीच आहेस.
मी तिच्या तोंडाकडे बघत होते.
वाक्य तिला आवडलं नव्हतं. नटीलाही नसावं.
खेळात असलं कुणी काही म्हणत नसे,
तिथे फक्त ऊन होतं,
खिडकीतून तिरीप आली की तिचा दंड भाजायचा.

मे महिन्यात इकडे ये म्हणावं.
बाराच्या उन्हात स्कूटीवरून जाणारी पोरगी बघ,
स्कार्फ, गॉगल, कोपरापर्यंत मोजे,
कातडीची फट कुठे दिसायची नाही.
यातली अर्धी कोण,
सिग्नलला कुणी विचारत नाही.

आता मी रक्तपेढीत, रात्रपाळीला.
जिन्याखाली मोबाईल कव्हरांचं दुकान झालंय.
चार डिग्रीचं कपाट उघडलं की हात गारठतो,
पिशवी उचलताना वाटतं, कुणाचा तरी तळवा धरलाय.
एकदा काच लागली, बोट नकळत तोंडात गेलं.
पाडवी सिस्टर ओरडल्या.
चव? खिळ्यासारखी. मिरचीसारखी मुळीच नाही,
लहानपणी मला तशी वाटायची.

दिलवर अठ्ठाविसाचा. कॅप्सूल लागू पडल्या,
सहा सहा महिने पिशवी लागत नाही.
पण येतो, आणि माझ्या फोनवर तोच खेळ लावतो.
कुणीतरी नव्याने काढलाय, रंग चकचकीत,
अर्धीचे दात पेस्टच्या जाहिरातीतले.
मार बसतो. बाटली उतरते.
भर ना आता, मी म्हणते.
तो मान वर करत नाही.
थांब, म्हणतो, अजून आहे थोडं.