पाचवा फोटो

मुआम्मेर बे रेल्वेत इंजिनियर.
भंगारात काढायच्या इंजिनांवर शेवटची सही त्यांची.
फॉर्मवर चार चौकोन असायचे:
डावी बाजू, उजवी बाजू, समोरून, नंबराची पाटी.
चार फोटो. चारच.
रोल मात्र माझ्याकडे यायचा पाचाच्या हिशेबानं.

सिवासच्या स्टेशनरस्त्यावर माझा स्टुडिओ.
लग्नं, सुंता, लष्करात निघालेली पोरं,
यांच्यामधेच ही अवजड गिऱ्हाइकं वाळत घातलेली,
दोरीवर, चिमट्यांना, पाणी ठिबकत.
निगेटिव्हमध्ये सगळं उलटं:
इंजिन दुधासारखं,
आणि जानेवारीचा बर्फ कोळशाच्या वखारीसारखा.
वाफ कुठंच नाही.
विस्तव काढून आठवडा झालेला असायचा.

पहिले चार फोटो कसे, सांगू?
पोटाशी लाकडी पट्टी धरलेली, मापाला.
बॉयलरला चीर असेल तिथं खडूचा बाण.
डॉक्टर पोट दाबून बघतो
आणि तोंडाकडे बघत नाही, तसे.

पाचवा,
ज्यानं ते चालवलं त्याला विचारून.

एकानं आपला डगला दांड्याला अडकवला
आणि स्वतः फ्रेमच्या बाहेर जाऊन उभा राहिला.
एकाला हवी होती फक्त ती जागा,
जिथं वीस वर्षं कोपर टेकून टेकून
खिडकीचा रंग गेला होता.
एर्झिंजानचा एक फायरमन
भट्टीच्या दारातून आत डोकं घालून बसला.
नुसती पाठ आली.
मी म्हणालो, फुकट गेला हा.
मुआम्मेर बे म्हणाले, मोठा करून दे.

दुर्सुन उस्तांचं इंजिन सगळ्यात शेवटी.
आधीची तीन भावंडं पाळण्यातच गेली,
म्हणून आईनं नाव ठेवलं दुर्सुन:
राहू दे.
निदान हा तरी राहू दे.
इंजिन जर्मन, लढाईच्या घाईत बांधलेलं,
फार दिवस टिकावं असं कुणी योजलंच नव्हतं.
टिकलं. चाळीस हिवाळे.
सहीच्या वेळी पेन चालेना, शाई गोठलेली.
मुआम्मेर बेंनी ते काखेत धरलं,
ऊब दिली,
आणि सही केली.
हे मला उस्तांनीच सांगितलं. तक्रार म्हणून नव्हे.

पाचव्यात काय हवं, विचारलं
तेव्हा उस्ता म्हणाले,
तुम्ही उभे राहा.

तो फोटो उस्तांनी काढला, आयुष्यातला पहिला.
तिरका आलाय.
सपाट यार्डात उभं इंजिन
घाट चढायला लागल्यासारखं.
मुआम्मेर बेंचे पाय कापले गेलेत,
टोपी हातात, नजर
स्वतःच काढलेल्या खडूच्या बाणावर.

त्यांची प्रत न्यायला ते आलेच नाहीत.
अंकाराला बदली झाली म्हणे.
अजून पाकिटात आहे, तिसऱ्या खणात.

उस्ता आले, वसंतात, बूट पुसून.
नखांतली काजळी तेवढी निघाली नव्हती.
किती झाले, म्हणाले.
मी म्हणालो, राहू दे.
ते चमकले, कुणी हाक मारल्यासारखे,
मग हसले, आणि पैसे काचेवर ठेवलेच.

दारातून परत वळून विचारलं,
भिंतीवर कसा लावू?
इंजिन सरळ दिसेल असा, की चौकट सरळ?

चौकट सरळ लावा, मी म्हटलं.
चढ असू द्या.