विस्तव

कोशाच्या कामाचे महिन्याला बारा हजार मिळतात.
सध्या 'च' चालू आहे. चुरमुरा, चुरस, चुलता, चूल.
चूल (स्त्री.) : अन्न शिजवण्यासाठी केलेली मातीची वा दगडांची मांडणी.
लिहिलं, आणि कार्ड तसंच टेबलावर राहिलं.
हे वाचून कुणाला भूक लागणार नाही.

म्हणून बुधवारी गंगेवर गेले, बाजारात.
लसणाच्या ढिगांपलीकडे
पद्माबाई चित्ते चुली मांडून बसतात,
सगळ्यांची तोंडं नदीकडे,
जणू वर्ग भरलाय आणि कुणालाच उत्तर येत नाही.

विचारलं, हे वरचे तीन उंचवटे, यांना काय म्हणता?
"थानं," त्या म्हणाल्या. "भांडं पितं त्यांना."
मागची जागा भानवस. शेजारचं धाकटं तोंड वैल.
वैलाला स्वतःचं लाकूड नसतं,
थोरलीच्या पोटातली धग उचलून तो दूध कोमट ठेवतो.
मी लाइट बिलाच्या पाठीवर भराभर उतरवत गेले.
"लिहून काय करता? हॉटेल काढताय?"
आता चुली नेतात ते हॉटेलवालेच.
मखमलाबाद रस्त्याला ओळीनं पाट्या :
चुलीवरची मिसळ, चुलीवरचं मटण,
एकीवर तर चुलीवरचा पिझ्झा.

एक घेतली. आमच्या सोसायटीत धुराला बंदी आहे.
चूल गॅलरीत, कोरफडीच्या कुंडीशेजारी, गार.
मी उरलेली कार्डं पुढे ओढली.
चूलबंद आमंत्रण : आज तुमच्या घरी कुणीच काही रांधायचं नाही, असा आग्रह.
चूल वेगळी मांडणे : पहा, वाटणी.
चुलीत जाणे : हे मी थोरलीला म्हणाले होते, फोनवर,
द्वारकेच्या फ्लॅटच्या कागदांवरून, नऊ वर्षांपूर्वी.
"चुलीत जा."
तिच्या घरी चूल नव्हती. माझ्याही.

विस्तव 'व'मध्ये येतो, त्याला अजून तीन वर्षं आहेत,
पण चुलीच्या कार्डावर 'पहा' म्हणून त्याला बोलवावंच लागतं :
(दोघांत) विस्तव न जाणे.
आमच्यात विस्तव जात नाही, मीच कितीदा सांगितलंय लोकांना,
तो कसा जायचा ते विसरून.

असा जायचा :
तिवंध्यात, पहाटे, काडेपेटी सादळलेली,
आई म्हणायची, जा, सोनवण्यांकडून विस्तव आणा.
खापर माझ्या हातात. थोरली पुढे, वाऱ्याच्या अंगानं,
परकराचा घेर दोन्ही हातांनी पसरून.
मागे न बघता म्हणायची,
"पळू नको, पळालीस तर विझतो.
थांबलीस तरी विझतो."
कवितेबद्दल पुढे मी बरीच पुस्तकं वाचली.
इतकं नेमकं कुणी सांगितलं नाही.

परवा रात्री साडेनऊला तिचा फोन.
नऊ वर्षांनंतरचं पहिलं वाक्य :
"टाकी आहे का गं जास्तीची?
नंबर लावलाय, पण गाडी सोमवारी म्हणतात.
कुकर अर्ध्यात बंद पडलाय."

वॉचमननं आणि मी लाल टाकी जिन्यावरून उतरवली,
आयुबभाईंच्या रिक्षात उभी केली,
मी दोन्ही गुडघ्यांत घट्ट धरून.
मुंबई नाक्याचा सिग्नल लांबून दिसला तेव्हा म्हणाले,
"हळू घ्या, आयुबभाई.
पण थांबू नका."

तिच्या दारात अर्धकच्च्या डाळीचा वास.
केस पांढरे झालेत तिचे. माझ्याकडे तिनं पाहिलंच नाही,
टाकीकडे पाहिलं, आणि म्हणाली,
"आत घे. दार लाव आधी,
वारा आहे."