सबळ कारण

पाच वर्षांनी एकदा ती येते, नेरिस, परवाना खात्यातली.
दारात बूट पुसते. अर्जावर माझं नाव आधीच छापलेलं:
इदवाल प्रॉबर्ट, वय एकाहत्तर,
स्लेटच्या खाणीत सुरुंग लावायचा, आता निवृत्त.

म्हणजे दारूशी ओळख जुनी.

कपाट दाखवतो. दोन कुलुपं, भिंतीत चार बोल्ट.
ती बोल्ट हलवून बघते, पोराचा दात पडायला आलाय का बघावं तशी.
आत एकच बंदूक. ठासणीची, गारगोटीवर चालणारी,
उभी केली तर माझ्या खांद्याला लागते.
नंबर जुळतो.

मग जिन्याखालची लाकडी पेटी.
एका कप्प्यात अर्धा किलो, वर चिमूटही नाही.
तिचा कागद वेगळा.
दुसरी दारू ओट्यावर उघडीच असते,
मॅर्गेडनं आलुबुखार घालून मुरवलेली, शेवटची बाटली.
तिला कागद लागत नाही.
या घरात जी काय पडझड झाली
ती त्या बाटलीकडूनच झाली. हे मी नेरिसला सांगत नाही.

"कारण?"
अर्जात चौकट आहे, दोन बोटं रुंद: सबळ कारण.
दर वेळी मी तेच लिहितो,
क्लबात नेमबाजी, महिन्यातून दोन रविवार.

चौकटीत मावत नाही ते असं,
की दारू मापानं ओतताना नळीत खर्र वाजते,
की चिंधीत गुंडाळलेली गोळी ठासत न्यायची
गजावरची खूण नळीच्या ओठाशी येईपर्यंत,
कान टोचून मोकळा करायचा, चिमूटभर रंजक,
घोडा चढवायचा, माशीवर डोळा,
आणि चाप ओढल्यावरही थांबायचं.
ठिणगी. भस्स. मग बार.
मध्ये पापणी लवेल एवढी फट असते,
त्या फटीत हात हलू द्यायचा नाही.
चाळीस वर्षांत मी शिकलो ते एवढंच,
तेही पुरतं नाही.
मग धूर, पांढरा, जाड,
मेंढरं उतरावीत तसा उताराला लागतो
आणि लागलं की हुकलं ते
तो सरेपर्यंत कुणालाच कळत नाही.

माझा एक बार दोन मिनिटांना.
तेवढ्यात कुणाचाही राग निवतो. चहासुद्धा.

नेरिस पान उलटते.
"डॉक्टरांचं पत्र आलंय. पत्नी गेल्यापासून… झोप लागते?"
लागते, म्हणालो.
मग म्हणालो, नाही लागत. तीन वाजता उठून
समुद्रावरच्या हवामानाच्या बातम्या ऐकतो. माझी बोटसुद्धा नाही.
तिनं पेन खाली ठेवलं.
"कधी असं वाटलं का, की…"
"नाही," मी म्हणालो. "पण विचारलंस ते बरं केलंस.
मुलानं नाही विचारलं."

जाता जाता तिनं बिस्किटांचा डबा उघडला.
"हे काय?"
चिंध्या. गोळीला गुंडाळायच्या.
आमच्या उशीचं निळ्या पट्ट्यांचं कापड,
मॅर्गेडनं गोल कापून मेणात बुडवलेलं.
"यांची नोंद?"
"लागत नाही."

मोजल्या फक्त मी. दोनशे चौदा.
बार झाला की चिंधी दहा पावलांवर गवतात पडते,
कडा जळलेल्या, मधली पट्टी अजून निळी.
सगळी उचलून आणतो. पुन्हा चालत नाही तरी.

तीन आठवड्यांनी कागद आला, पाच वर्षांचा.
रविवारी बारा घेऊन गेलो,
सात वापरल्या, पाच डब्यात परत ठेवल्या.

घरी येऊन उकळत्या पाण्यानं नळी धुतली.
काळं पाणी, सडक्या अंड्याचा वास.
माझ्या ओट्यावर नाही हं, ती ओरडायची.
ओटा आता रिकामाच असतो.
मी अजून मागच्या दारी, थंडीत, नळावर.