टाकू नये

घडीचं एक पुस्तक, जुन्या पुठ्ठ्याचं, चहाच्या रंगाचं.
आपल्याकडच्या सातबाऱ्यासारखं,
फक्त जमिनीऐवजी
चार चाकं, दोन आसनं, इंजिनाचा क्रमांक,
आणि रंगाच्या रकान्यात: हिरवा.
हेरफर्डशर कौन्सिलचे गोल शिक्के
एकमेकांच्या कडा खात बसलेत.

पहिलं नाव गिल्बर्ट ट्रँटर,
बियाण्यांच्या व्यापाऱ्याचा मुलगा, साल बावन्न.
नवी कोरी एमजी, नाकावर अष्टकोनी बिल्ला,
दारांना बिजागऱ्या मागच्या बाजूला,
धावत्या गाडीत दार उघडलं तर वाराच ते हिसकावून न्यायचा.
चौदा महिने.
मग बायकोला दिवस गेले
आणि गिल्बर्टने पहिल्यांदाच आसनं मोजली.

दुसरं, निळ्या शाईत, विनिफ्रेड प्यू.
सुईण. तेरा वर्षं.
मागच्या रॅकवर गॅसचं नळकांडं पट्ट्यांनी आवळून
ती निघायची रात्री-अपरात्री,
हिमातसुद्धा छप्पर न चढवता.
छपराला लागतात सात मिनिटं,
तेवढं कुठलं मूल थांबतंय?
डाव्या दाराला पोचा आहे.
लेन्टवर्डीनजवळ एका एडक्याने दिलेला.
तिने तो कधीच काढून घेतला नाही.
म्हणायची, रस्ता त्याचा होता.

तिसरा डेन्झिल प्रॉबर्ट,
शाळेच्या बॉयलरवरचा माणूस.
एका शनिवारी त्याने गाडी खोलली,
रविवारी संध्याकाळपर्यंत जोडायची म्हणून.
तो रविवार एकोणीस वर्षं आला नाही.
जॅमच्या बरण्या, मोजून त्रेचाळीस,
प्रत्येकीवर त्याच्या चौकोनी अक्षरात चिठ्ठी:
डावा कार्ब्युरेटर.
मागचे ब्रेक.
दाराचे स्क्रू, आटे गेलेले.
आणि एकीवर:
कशाचा ते माहीत नाही, पण टाकू नये.

मधल्या काळात देशातल्या सगळ्या गाड्या
स्वान्सीच्या कॉम्प्युटरात गेल्या.
डेन्झिलने कळवलंच नाही.
सरकारलेखी ही गाडी आता नव्हतीच.
नसलेली गाडी सफरचंदांच्या कोठारात
ठोकळ्यांवर उभी राहिली,
तिच्या लाकडी सांगाड्यात किड्यांनी संसार थाटले,
आणि डेन्झिल गेला तेव्हा त्याच्या बायकोने
बरण्या वर्तमानपत्रात गुंडाळून
गाडीसकट विकल्या.
बरण्या परत हव्यात, एवढीच अट.

रोझलिंड ॲस्क. भूगोलाची निवृत्त बाई,
न बघता फळ्यावर नॉर्वेचा किनारा काढणारी.
सहा वर्षं लागली तिला.
रंगाऱ्याला सांगितलं, पोचा तसाच ठेव,
तर त्याने त्याचे जास्तीचे पैसे लावले.
तेच पुठ्ठ्याचं पुस्तक दाखवून तिने
स्वान्सीला पटवलं की ही आहे.
सगळं जोडून झालं, अन् उरला
एक बोल्ट.

प्रेस्टीनच्या जत्रेत परीक्षक म्हणाला,
किती सुरेख जपलीय!
ती हसली.
तळाचा पत्रा त्र्याण्णवचा, लाकूड पंच्याण्णवचं,
चामडं कुणाच्या तरी सोफ्याचं.
जपलेलं काय, तर तो पोचा.

आज ती एक्याऐंशी वर्षांची. गुडघे वाकत नाहीत,
आणि ही गाडी वाकल्याशिवाय कुणाला आत घेत नाही.
दारात येस्टिन उभा, नळाची कामं करणारा पोरगा,
नवा कागद उलटसुलट करून वाचतोय.
मालक असा रकानाच नाही त्यात.
आहे तो 'सांभाळणारा',
आणि बारीक टायपात:
हा कागद मालकीचा पुरावा नव्हे.
मग मालक कोण? तो विचारतो.
ती उत्तराऐवजी किल्ली देते,
आणि कोटाच्या खिशातून काढून तो बोल्ट.

हा कुठे बसतो?

कुठेच नाही. पंचवीस वर्षं त्याच्यावाचून चाललीय.

येस्टिन किल्ली फिरवतो.
पेट्रोलचा पंप टिकटिकू लागतो, भरभर,
मग सावकाश,
मग ऐकून घेतल्यासारखा थांबतो.
बोल्ट अजून त्याच्या मुठीत.
खिशात टाकावा की कप्प्यात,
त्याचं ठरत नाहीये.